मिरग लागल्यावर ब्लॅक होलचे जेट कसे बघायचे?

प्रश्न: आमच्याकडे मिरग लागला की पार गणपतीपर्यंत आकाश म्हणजे नुसते ढग. गरुड तारकासमूहात ब्लॅक होल आणि तारा अशा जोड्या आहेत नि त्यातून जेट सुटतात असं वाचलं. पण ब्लॅक होलमधून काहीच बाहेर पडत नाही ना, मग जेट येतो कुठून? आणि पावसाळ्यात हे बघता येतं का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर: जेट ब्लॅक होलच्या पोटातून येतच नाही हो, तो बाहेरच्या बाहेरच सुटतो. सोबतच्या ताऱ्याचा गॅस ओढला जातो, भोवती गरगरत त्याची चकती बनते, ती आतल्या बाजूला लाखो डिग्री तापते आणि एक्स-रे देते. त्यातला थोडा माल आत पडायच्या आधीच चुंबकीय क्षेत्रामुळे वर-खाली फेकला जातो, आणि त्यातले इलेक्ट्रॉन त्या क्षेत्रात गिरक्या घेत रेडिओ लहरी सोडतात. म्हणजे एक्स-रेत चकती दिसते, रेडिओत जेट, त्यामुळे दोन्हीकडे एकदम लक्ष ठेवावं लागतं. एक्स-रेची तऱ्हा बदलली की कधी कधी रेडिओत एकदम भडका उडतो, आणि गंमत म्हणजे तो आधी वरच्या फ्रिक्वेन्सीला दिसतो नि खालच्या फ्रिक्वेन्सीला उशिरा, कारण फेकलेल्या मालाचा गोळा फुगून विरळ झाल्याशिवाय खालच्या फ्रिक्वेन्सीच्या लांब लहरी त्याच्यातून सुटत नाहीत.

गरुडातली एसएस ४३३ नावाची अशीच जोडी तर बघण्यासारखी. जेटचा वेग प्रकाशाच्या साधारण २६ टक्के आणि दिशा १६२ दिवसांत एक फेरी मारते. सुपारीच्या बागेतलं फिरतं स्प्रिंकलर आठवा, प्रत्येक थेंब सरळच जातो पण एकूण धार वळलेली दिसते, तसंच रेडिओ फोटोत जेट मळसूत्रासारखा दिसतो. शेजारचीच जीआरएस १९१५+१०५, तिचे गोळे १९९४ मध्ये प्रकाशापेक्षा फास्ट सरकताना दिसले होते! तसं खरंच होत नाही, गोळा आपल्याकडे थोडा तिरका येत असतो, स्वतःच्याच प्रकाशाच्या मागोमाग धावतो, म्हणून मधला वेळ आपल्याला कमी वाटतो.

आता पाऊस. सह्याद्रीच्या पलीकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. तिच्या लहरी वीतभरापासून दोन-अडीच मीटरपर्यंत लांब, ढगांचे बारीक थेंब त्यांना काय अडवणार! वीज कडाडली की खरखर येते तेवढीच. एक्स-रे मात्र हवेतच अडतात, त्यासाठी ॲस्ट्रोसॅटसारखा उपग्रह लागतो, हा आपला २०१५ साली अवकाशात गेला.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर दिवाळीनंतर संध्याकाळी गरुड समुद्राच्या बाजूला असतो, श्रवण तारा सहज ओळखता येतो. एसएस ४३३ मात्र १४ व्या प्रतीच्या आसपास (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा फिका), बायनॉक्युलरने दिसायची नाही, त्याला बऱ्यापैकी मोठी दुर्बीण, काळोखी जागा आणि नीट नकाशा लागेल, आणि तरी ठिपकाच दिसेल.