पावसाच्या दिवशी गाडीतूनच पक्षी बघता येतात का?

तुम्ही विचारलंय की वडिलांना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, सुट्टीचा दिवस नेमका पावसाचा निघाला, तर आतल्या रस्त्यांना गाडी घालून बसल्याबसल्या पक्षी दिसतील की नुसतंच पेट्रोल जळेल? दिसतील. फक्त गाडी जितकी कमी चालवाल तितके जास्त दिसतील.

पक्षी बिचकतात ते माणसाच्या उभ्या, चालत्या आकृतीला. बंद करून ठेवलेल्या गाडीची बहुतेकांना फिकीर नसते. पायी गेलात तर जो खाटीक पक्षी लांबूनच उडाला असता, तोच कुंपणाच्या तारेवर तुमच्या खिडकीसमोर आरामात बसून राहतो. अर्थात दार उघडेपर्यंत. दार उघडलं की संपलं. म्हणजे वडिलांना चालता न येणं ही इथे अडचण नाहीच. उलट खाली उतरायची घाई नसलेला माणूस या कामाला उत्तम.

उत्तर अमेरिकेत १९६६ पासून ब्रीडिंग बर्ड सर्व्हे नावाची पक्षीगणना रस्त्यारस्त्याने होते. साधारण ३९ किलोमीटरचा ठरलेला मार्ग, त्यावर ५० थांबे, प्रत्येक थांब्यावर ३ मिनिटं. थांबत थांबत जायची ही रीत उचलण्यासारखी आहे. पण तीच मंडळी संततधार असली की गणना करत नाहीत, कारण पावसात पक्षी कमी दिसतात आणि त्याहून कमी ऐकू येतात. तुम्हाला कुठे आकडे द्यायचे आहेत? तेव्हा थांबे मोजके घ्या आणि प्रत्येक ठिकाणी चांगली पंधरावीस मिनिटं काढा. जागा निवडताना पाणी, तारा किंवा खांब आणि जवळपास झुडपं, असं तिन्ही एका नजरेत येत असेल तर तिथेच इंजिन बंद करा. इंजिन चालू असलं की गाडीची थरथर दुर्बिणीत उतरते.

मुसळधार पावसात फारसं काही हलत नाही. डबा खा, गप्पा मारा. खरी वेळ सर ओसरल्यावरची. भिजलेली कापशी घार खांबावर बसलेली असेल तर तिच्यावरून नजर काढू नका. आधी डोकं झटकते, मग सगळं अंग फुलवून थरथरवते, मग पंख अर्धवट उघडून लोंबते ठेवते. त्यानंतर चोच शेपटीच्या बुडाशी नेते, तिथल्या ग्रंथीतलं तेल घेते आणि एकेक पीस चोचीतून ओढून नीट बसवते. हे बराच वेळ चालतं, आणि घार इतका वेळ एका जागी बसलेली मिळते. मोठ्या शिकारी पक्ष्यांचंही तसंच: जमीन तापलेली नसते, वर चढणारी गरम हवा नसते, त्यामुळे घिरट्या घालणारे खांबांवर आणि वाळक्या झाडांवर सापडतात. भिंगऱ्या आणि पाकोळ्या मात्र अशा हवेत खाली उतरतात, कारण किडेच खाली आलेले असतात. आणि पंख फुटलेली वाळवी जमिनीतून निघाली तर मग विचारूच नका. कोतवाल, साळुंक्या, वेडे राघू, घारी, सगळ्यांची एकच झुंबड उडते.

ओला पक्षी ओळखताना जरा सावध. पिसं अंगाला चिकटली की तो बारीक दिसतो, रंग गडद होतो, तुरा असला तरी दबून जातो. रंगापेक्षा चोच, शेपटीची लांबी आणि बसायची ढब यांवर भरवसा ठेवा. संशय असेल तर तो वाळेपर्यंत थांबा, तुम्हाला कुठे जायचंय?

सगळ्यात जास्त वैताग देते ती वाफ. पावसात माणसं आत बसली की काचा धुरकटतात, म्हणून आपण एसी लावतो. त्याने समोरची काच स्वच्छ होते, पण दुर्बीण गार पडते. मग खिडकी उघडून ती डोळ्याला लावली की बाहेरची दमट हवा लागून भिंगांवर पांढरा पडदा चढतो. नायट्रोजन भरलेली महागडी दुर्बीणसुद्धा यातून सुटत नाही, कारण नायट्रोजन फक्त आतली बाजू सांभाळतो. उपाय साधा आहे: दुर्बीण एसीच्या झोतापासून लांब, मांडीवर ठेवा, आणि थांबायच्या पाचेक मिनिटं आधी एसी बंद करून खिडकी दोन बोटं खाली करा. बंद काचेतून बघू नका, समोरच्या तिरक्या काचेतून तर नाहीच, चित्र फाटतं. दुर्बीण नवी घेणार असाल तर ८ बाय ४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची. ढगाळ उजेडात १० बाय ४२ पेक्षा उजळ दिसते आणि हातात कमी हलते. खिडकीच्या कडेवर दुमडलेला जाड टॉवेल टाका, हाताला टेकू मिळतो आणि दाराच्या आत पाणीही कमी जातं.

गाडी चालवणाऱ्याने पक्षी शोधायचे नाहीत, हे आधीच ठरवून घ्या. वळणावर, चढाच्या टोकाला, पुलावर थांबू नका. बाजूची ओली माती वरून घट्ट दिसते आणि चाक खाली घेते, तेव्हा डांबर सोडण्याआधी खात्री करा. फूटभर वाहतं पाणीसुद्धा लहान गाडी ओढून नेऊ शकतं, तिथून सरळ मागे फिरा. रस्त्याकडेला घरटं दिसलं तर पुढे व्हा. पिल्लांवर बसलेला पक्षी आपल्यामुळे उठला तर पिसं न फुटलेली पिल्लं भिजून गारठतात.

वडिलांना चालकाच्या शेजारी बसवा आणि गाडी अशी लावा की वारा दुसऱ्या बाजूने येईल, म्हणजे त्यांची खिडकी पूर्ण उघडी ठेवता येते. गोल फेरी मारण्यापेक्षा आलात त्याच रस्त्याने परत या. जाताना तुमच्या बाजूला राहिलेलं तळं येताना त्यांच्या खिडकीसमोर येईल.