संगणक सल्ला : जोडणी तुटली की रचना बदलली?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत सभासदांची माहिती मुख्य प्रणालीतून अहवालांच्या डेटाबेसमध्ये रोज रात्री नेण्यासाठी एसक्यूएल सर्व्हर इंटिग्रेशन सर्व्हिसेसचे, म्हणजे एसएसआयएसचे, पॅकेज (माहिती नेण्याच्या पायऱ्यांचा संच) आहे. सभासदांची नावे मराठीत ठेवता यावीत म्हणून मुख्य प्रणालीतील नावाचा कॉलम नुकताच व्हारकॅरचा (नॉन-युनिकोड मजकूर) एनव्हारकॅर (युनिकोड मजकूर) करण्यात आला आणि त्याच सुमारास पॅकेज नव्या सर्व्हरवर गेले. आता रात्रीचा जॉब ‘व्हॅलिडेशन’ (पूर्वतपासणी) अयशस्वी झाल्याचे सांगून थांबतो, तर माझ्या संगणकावर व्हिज्युअल स्टुडिओमधून चालवल्यास मेटाडेटा (कॉलमांच्या रचनेची नोंद) जुना झाल्याची त्रुटी येते. सोर्स (माहिती वाचणारा घटक) काढून नव्याने टाकला, तरी रात्रीचा जॉब थांबतोच. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्याकडे दोन स्वतंत्र बिघाड एकाच वेळी उभे आहेत, आणि दोन्हींचा संदेश ‘व्हॅलिडेशन’ या एकाच नावाखाली येत असल्यामुळे ते एकच असल्याचा भास होतो. डेटा फ्लो तयार करताना सोर्स आपल्या प्रत्येक कॉलमचे नाव, प्रकार आणि लांबी पॅकेजमध्येच नोंदवून ठेवतो. पॅकेज सुरू होताना, एकही ओळ वाचण्यापूर्वी, ही नोंद प्रत्यक्ष टेबलशी ताडून पाहिली जाते. मात्र ताडून पाहायचे तर आधी सर्व्हरशी जोडणी हवी. ती न झाल्यास तपासणीच होऊ शकत नाही आणि मूळ दोष जोडणीचा असूनही शेवटच्या ओळीत ‘सोर्स व्हॅलिडेशनमध्ये नापास’ एवढेच उरते. म्हणून लॉग खालून वाचू नये. त्यातील पहिली त्रुटी शोधावी. तेथे ‘अ‍ॅक्वायर कनेक्शन’ किंवा लॉगिन नाकारल्याची १८४५६ क्रमांकाची त्रुटी असेल, तर कॉलमना हात लावण्यात अर्थ नाही. सोर्स काढून नव्याने टाकण्याचा उपाय अशा वेळी निरुपयोगी तर असतोच, शिवाय त्यात जुळवलेले मॅपिंगही (कोणता कॉलम कोठे जातो याची नोंद) मोडते.

आपल्या संगणकावर जोडणी होते आणि रात्रीच्या जॉबला होत नाही, याचे सर्वांत संभाव्य कारण पासवर्ड हे आहे. पॅकेजची ‘प्रोटेक्शन लेव्हल’ मुळात ‘एन्क्रिप्ट सेन्सिटिव्ह विथ यूजर की’ अशी असते. म्हणजे पासवर्ड ज्याने पॅकेज जतन केले त्याच्या विंडोज खात्याच्या किल्लीने बंद होतो. ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या एसक्यूएल सर्व्हर एजंटचा जॉब मात्र सेवेच्या खात्याने चालतो आणि त्याच्याकडे ही किल्ली नसते, म्हणून तो पासवर्डाविनाच दार ठोठावतो. २०१२ च्या आवृत्तीपासून मिळणाऱ्या एसएसआयएस कॅटलॉगमध्ये (पॅकेजेस ठेवण्याच्या सर्व्हरवरील साठ्यात) प्रकल्प डिप्लॉय करून पासवर्ड तेथील एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘सेन्सिटिव्ह’ व्हेरिएबल म्हणून ठेवावा, किंवा शक्य असल्यास विंडोज ऑथेंटिकेशन वापरून एजंटच्या प्रॉक्सी खात्याला (जॉब ज्याच्या नावाने चालवायचा त्या खात्याला) नेमके अधिकार द्यावेत. सर्व्हर बदलला आहे, तेव्हा कनेक्शनमध्ये सर्व्हरचे जुने नाव राहिले नाही ना आणि फायरवॉलमध्ये एसक्यूएल सर्व्हरचा पोर्ट, सहसा १४३३, खुला आहे ना, हेही पाहून घ्यावे.

जोडणी मार्गी लागली की मेटाडेटाकडे वळावे. टेबलमध्ये एखादा कॉलम नुसता वाढला, तर सहसा सूचनेवर निभावते. पण कॉलम काढला, त्याचे नाव बदलले किंवा आपल्याप्रमाणे प्रकार बदलला, तर पॅकेज अडते. सोर्स काढण्याची गरज नाही. त्याचा एडिटर उघडून कॉलम नव्याने वाचून घ्यावेत आणि मग पुढच्या प्रत्येक ट्रान्स्फॉर्मेशनमधून बदल डेस्टिनेशनपर्यंत, म्हणजे माहिती लिहिणाऱ्या घटकापर्यंत, न्यावा. अहवालाचे टेबल अजून व्हारकॅर असेल, तर तेथे युनिकोड आणि नॉन-युनिकोड यांचे जुळत नसल्याची त्रुटी येणारच. ती घालवण्यासाठी अनेकजण क्वेरीतच नावाचे व्हारकॅरमध्ये रूपांतर करतात. पॅकेज हिरवे होते, म्हणजे त्रुटीविना चालते, आणि टेबलमध्ये नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते, कारण १२५२ या नेहमीच्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या संचात) देवनागरी अक्षरेच नाहीत. माझ्या मते ही त्रुटीपेक्षाही वाईट अवस्था आहे, कारण ती अहवाल छापला जाईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. डेस्टिनेशनचा कॉलमही एनव्हारकॅरच करावा आणि त्याची लांबी सढळ ठेवावी : ‘श्रीकृष्ण’ हे नाव डोळ्यांना तीन अक्षरांचे दिसले, तरी काने-मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जात असल्यामुळे युनिकोडमध्ये ते ९ जागा घेते.

‘व्हॅलिडेट एक्स्टर्नल मेटाडेटा’ बंद करा, असा सल्ला आपल्याला कोणी दिला तर तो घाईने स्वीकारू नये. त्याने फक्त तपासणी टळते, प्रकारातील तफावत जिथल्या तिथे राहते आणि पॅकेज मध्यरात्री चालू असताना मोडते. तपासणी ती पायरी येईपर्यंत पुढे ढकलणाऱ्या ‘डिले व्हॅलिडेशन’ची गोष्ट वेगळी. पॅकेज स्वतःच आधीच्या पायरीत टेबल तयार करीत असेल, तर ते चालू करणे योग्यच आहे. पुढील बदलांचा त्रास कमी व्हावा म्हणून सोर्समध्ये सबंध टेबल निवडण्याऐवजी लागणारे कॉलम नावानिशी लिहिलेली क्वेरी द्यावी.

प्रश्न : शाखांकडून येणाऱ्या एक्सेल फाइलमधील काही खाते क्रमांक रिकामे येतात, पण कोणतीही त्रुटी दिसत नाही.
— एक वाचक, लातूर

उत्तर : एक्सेल कॉलमचा प्रकार जाहीर करीत नाही, फाइल वाचणारा ड्रायव्हर पहिल्या ८ ओळी पाहून तो ठरवतो. त्या ओळींत नुसते आकडे असतील, तर कॉलम अंकांचा मानला जातो आणि पुढे अक्षर असलेला खाते क्रमांक आला की तो नल, म्हणजे रिकामा, होतो. कनेक्शनमध्ये ‘आयमेक्स=१’ लिहिल्याने मिश्र कॉलम मजकूर म्हणून वाचला जातो, परंतु मिश्रण त्या ८ ओळींतच दिसले तर. शाखांना सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेली साधी मजकूर फाइल) पाठवायला सांगून फ्लॅट फाइल कनेक्शनमध्ये तो कॉलम मजकुराचा ठरवणे अधिक खात्रीचे. त्याने क्रमांकाच्या सुरुवातीची शून्येही टिकतात, मात्र शाखेत ती सीएसव्ही पुन्हा एक्सेलमध्ये उघडून जतन केली नसेल तरच.