क्लास-डी अॅम्प्लिफायरचे मॉसफेट गाणं बंद असतानाही का तापतात?

क्लास-डी अॅम्प्लिफायरमध्ये आउटपुटचे मॉसफेट म्हणजे वेगाने चालू-बंद होणारे इलेक्ट्रॉनिक स्विच. तुमचा सेटअप असा आहे : ±५० व्होल्ट सप्लाय, आयआरएस २०९२ ड्रायव्हर (मॉसफेट चालू-बंद करणारी आयसी), साधारण ४०० किलोहर्ट्झ स्विचिंग, ४ ओहमचा स्पीकर आणि आउटपुटला आयआरएफपी २६०एन मॉसफेटची जोडी. गाणं लावलेलं नसतानाही हीटसिंकला हात लाववत नाही, म्हणून याहून मोठे मॉसफेट घ्यावेत का, असं तुम्ही विचारताय. घेऊ नका. आहेत तेच या कामासाठी फार मोठे आहेत आणि ते बहुधा त्यामुळेच तापतायत.

बुधवार पेठेत काय किंवा लॅमिंग्टन रोडवर काय, मॉसफेट मागताना आपण अँपिअर आणि ओहम बघतो. २०० व्होल्ट, ५० अँपिअर, ४० मिलिओहम, म्हणजे इन्व्हर्टरवाल्याच्या दृष्टीने माल एकदम चांगला. पण त्याच डेटाशीटमध्ये थोडं खाली ‘टोटल गेट चार्ज’ची ओळ आहे, तिथे २३४ नॅनोकूलोम लिहिलंय. मॉसफेट उघडायला, म्हणजे चालू करायला, त्याच्या गेट या कंट्रोलच्या पायात भरावा लागणारा हा चार्ज. मॉसफेट बंद करायचा तर यातला बहुतेक चार्ज गेटमधून बाहेर काढावा लागतो. २०९२ फार तर १.२ अँपिअरने तो ओढू शकतो. भागाकार केला तर जवळजवळ २०० नॅनोसेकंद येतात, आणि गेट रेझिस्टरमुळे आणखी वाढतात. उलट २०९२ मध्ये डेड टाइम (एक मॉसफेट बंद करून दुसरा उघडेपर्यंत मध्ये सोडलेला वेळ) मिळतो २५, ४०, ६५ किंवा १०५ नॅनोसेकंद, बस. दुसरा मॉसफेट उघडायलाही वेळ घेतो हे धरलं, तरी वरचा पुरता बंद होण्याआधी खालचा उघडू लागतो. तेवढा वेळ +५० पासून −५० पर्यंत करंटला सरळ रस्ता मिळतो. आणि हे सेकंदाला आठ लाख वेळा! सिग्नल असो वा नसो, उष्णता होणारच.

ड्रायव्हरचेही हाल बघा. २३४ नॅनोकूलोम गुणिले १२ व्होल्ट गुणिले ४०० किलोहर्ट्झ म्हणजे एका मॉसफेटमागे १.१ वॅट. दोघांचे मिळून सव्वादोन वॅट, आणि ते मुख्यतः त्या इवल्याशा आयसीत आणि गेट रेझिस्टरमध्ये जिरतात.

मग उघड्या मॉसफेटचा रेझिस्टन्स किती कमी हवा? ±५० वर ४५ व्होल्टचा पीक धरला तर ४ ओहमला ११ अँपिअर पीक, म्हणजे ८ अँपिअर आरएमएस (उष्णतेच्या हिशेबाला धरायचा करंट) आणि २५० वॅट. ८ चा वर्ग गुणिले ०.०४ म्हणजे दोन्ही मॉसफेट मिळून अडीच वॅट. गरम झाल्यावर रेझिस्टन्स वाढतो, म्हणून पाच धरा. हेही सलग फुल पॉवर साइन वेव्हवर. संगीताची सरासरी पॉवर त्याच्या कितीतरी खाली असते, थर्मल टेस्ट बहुधा १/८ पॉवरवरच करतात. त्या हिशेबाने कंडक्शन लॉस, म्हणजे या रेझिस्टन्समध्ये जिरणारी पॉवर, एक वॅटसुद्धा भरत नाही. म्हणून क्लास-डीमध्ये रेझिस्टन्स आणि गेट चार्ज नेहमी एकत्र तोलायचे, एकट्या रेझिस्टन्समागे धावायचं नाही.

मी तुमच्या जागी आयआरएफबी ५६१५ लावेन. १५० व्होल्ट, टिपिकल ३२ मिलिओहम, गेट चार्ज टिपिकल २६ नॅनोकूलोम. रेझिस्टन्स तुमच्या आत्ताच्या मॉसफेटइतकाच, गेट चार्ज मात्र कित्येक पटींनी कमी. स्पीकर ८ ओहमचा असता तर आयआरएफबी ४०१९ सुचवला असता : ८० मिलिओहम आणि जेमतेम १३ नॅनोकूलोम. हे दोन्ही ऑडिओसाठीच बनवलेले आहेत आणि २०९२ ते आरामात चालवतो.

व्होल्टेजचं म्हणाल, तर बंद मॉसफेटवर पूर्ण १०० व्होल्ट येतात. आपल्याकडची लाइन दहा टक्के चढली की ११०, त्यावर रिंगिंगचे स्पाइक, म्हणजे स्विचिंगच्या वेळी क्षणभर उसळणारं व्होल्टेज. १५० पुरतात, पण लेआउट नीट असेल तरच. वरच्याचा ड्रेन आणि खालच्याचा सोर्स (ड्रेन आणि सोर्स हे मॉसफेटचे करंट वाहणारे पाय) यांच्यामध्ये पायांना खेटून एक चांगला फिल्म किंवा सिरॅमिक कपॅसिटर हवा. लांब वायरी ठेवून २०० व्होल्टचा मॉसफेट घेणं म्हणजे पुन्हा जास्तीचा चार्ज विकत घेणं.

आउटपुट फिल्टरची कॉइलही तपासा. २२ मायक्रोहेन्री असेल तर सिग्नल नसतानाच तिच्यातून पीक-टू-पीक जवळपास तीन अँपिअर रिपल (स्विचिंगमुळे वरखाली होणारा करंट) वाहतो. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधून काढलेली पिवळी-पांढरी रिंग या फ्रिक्वेन्सीला भयंकर तापते आणि आपण दोष मॉसफेटला देतो. लाल रंगाची, मिक्स-२ ची आयर्न पावडर रिंग घ्या.

नवे मॉसफेट लावण्याआधी एक तपासणी जरूर करा, कारण बाजारात नकली माल फार आहे. गेट आणि सोर्समध्ये ९ व्होल्टची बॅटरी लावा, प्लस गेटकडे. १२ व्होल्टच्या सप्लायवरून १२ ओहम, २० वॅटच्या रेझिस्टरमधून ड्रेनला करंट द्या, म्हणजे सुमारे १ अँपिअर वाहील. मीटरचे प्रोब ड्रेन आणि सोर्सच्या पायांना अगदी बॉडीजवळ टेकवा. ५६१५ असली असेल तर थंड असताना ३० ते ४० मिलिव्होल्टच्या आसपास दिसतील. शंभरच्या वर आकडा गेला तर तो नग लावू नका, दुकानदाराला परत करा.