आधी त्यांचं उत्तर ऐक

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दशांश अपूर्णांकांसाठी रात्री जागून कार्डं कापलीस, गाणं बसवलंस, व्हिडिओ दाखवलास. मुलं रंगली. आणि दुसऱ्या दिवशी पाचवीतल्या २८ पैकी १९ जणांनी ०.४५ ही संख्या ०.५ पेक्षा मोठी ठरवली. आता विचारतेस, “सर, आणखी कोणती कृती घेऊ?”

कोणतीच नको. आधी त्या १९ जणांना विचार, मोठी का?

सांगतील की बाई, पंचेचाळीस पाचापेक्षा मोठेच ना! यात त्यांचं काय चुकलं? जास्त अंकांची संख्या मोठी, हा नियम त्यांना पहिलीपासून उपयोगी पडत आलाय. वर आपण घाईत ‘पॉइंट पंचेचाळीस’ वाचतो. ‘पंचेचाळीस शतांश’ म्हणायचा आपल्यालाच कंटाळा. तुझं गाणं गोड असेल, पण त्या नियमाला ते शिवलंसुद्धा नाही.

म्हणून म्हणतो, आधी त्यांचं उत्तर ऐक. फळ्यावर दोनच संख्या लिही. मोठी कोणती आणि का, ते प्रत्येकाने वहीत लिहायचं, खोडायचं नाही. मग सुतळी आणि मीटरपट्टी दे. ०.५ मीटर काप म्हटल्यावर काही जण पाच सेंटिमीटरच कापतील. धावून जाऊ नकोस. मीटरचे दहा सारखे भाग करून त्यातले पाच मोजायला लाव आणि त्यांची सुतळी शेजारी ठेव. पन्नास सेंटिमीटरशेजारी ती बोटभर सुतळी पाहिली की पोरं आपणहून वहीतलं उत्तर पुन्हा वाचतात. आधी लिहिलेलंच नसेल तर काय वाचणार? नुसती सुतळी कापून होईल, तुझ्या कार्डांसारखीच.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याने हेच उत्तर लिहिलं, मी लाल फुली मारली. तीनदा. चौथ्यांदा त्याने जागा कोरी सोडली. मी आळशी समजलो, त्याच्या वडिलांनाही तसंच सांगितलं. का लिहिलंस, एवढं एकदा विचारलं नाही. ती कोरी जागा अजून डोळ्यांसमोर येते.

त्यानंतर मी हट्टाला पेटलो. तपासणीला साहेबांनी विचारलं, वर्ग ठरलेल्या पाठांच्या टाचणाच्या मागे का? म्हटलं, मुलं आहेत तिथे वर्ग आहे. शेरा वाईट मिळाला. माझा अभ्यासक्रम कितीदा तरी मार्चपर्यंत संपला नाही, हेही खरं. पण राहिलेला धडा मूल पुढे भरून काढतं. न कळलेला अपूर्णांक दहावीपर्यंत छळतो. तेव्हा मी चुकलो, असं मला आजही वाटत नाही.

तू डी.एड.ला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ वाचल्यास ना? १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली त्यांनी. पुढे कोसबाडला गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळा कुरणात नेली. मूल कुठे आहे ते आधी पाहिलं, मग शिकवायला बसल्या. तू कार्डं आधी कापलीस.

रागावू नकोस. तू रात्र जागलीस याचं मला मोल आहे, म्हणूनच एवढं लिहितोय.

रविवारी घरी ये. कार्डं राहू देत. त्या १९ वह्या घेऊन ये, काही न तपासता.

तुझे
सर