आयजीएम पॉझिटिव्ह आलं की लगेच सही करू नकोस

अगं, तू व्हायरॉलॉजीच्या बेंचवर बसायला लागलीस हे वाचून खूप बरं वाटलं. आता एक गोष्ट सांगते, जरा लांबेल, पण नीट वाच.

गरोदर बाईचं सीएमव्ही (सायटोमेगालोव्हायरस) किंवा रुबेलाचं (जर्मन गोवर) आयजीएम, म्हणजे नव्या इन्फेक्शनमध्ये आधी तयार होणारी अँटिबॉडी, पॉझिटिव्ह आलं तरी तेवढ्यावर निदान होत नाही. काही जणींच्या रक्तात इन्फेक्शन होऊन गेल्यावरही ते महिनोन्महिने राहतं, कधी रुमेटॉइड फॅक्टर नावाच्या भलत्याच अँटिबॉडीमुळे खोटंच पॉझिटिव्ह येतं, कधी ईबीव्ही किंवा पार्व्होसारख्या दुसऱ्याच व्हायरसमुळे किट फसतं, आणि तिकडे तो कागद हातात पडला की सगळं घर घाबरतं, कुणीतरी गर्भपाताचं बोलून जातं. अशा अर्धवट रिपोर्टची मला फार भीती वाटते.

म्हणून सोबत आयजीजी, म्हणजे मागाहून येऊन टिकून राहणारी अँटिबॉडी, बघायचं आणि ते असेल तर अ‍ॅव्हिडिटी, म्हणजे त्याची पकड किती घट्ट आहे ते मोजणारी टेस्ट, लावायची. नवीन आयजीजी अँटिजेनला, म्हणजे व्हायरसच्या प्रथिनाला, ढिलं चिकटतं, महिने जातील तशी पकड घट्ट होते, त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांतल्या सॅम्पलमध्ये अ‍ॅव्हिडिटी हाय आली तर इन्फेक्शन बहुतेक दिवस राहायच्या आधीचं. पण तीच हाय अ‍ॅव्हिडिटी 20व्या आठवड्यातल्या सॅम्पलमध्ये आली तर सुरुवातीच्या आठवड्यांबद्दल काहीच सांगता येत नाही!! फॉर्मवर आठवडे लिहिलेले नसतील तर फोन करून विचार, लाजू नकोस.

आणि फ्रीजरमध्ये तिचं पहिल्या तपासणीचं सीरम आहे का ते शोध. असेल तर जुनं नवीन दोन्ही एकाच रनमध्ये, एकाच किटवर लाव. आधी आयजीजी निगेटिव्ह आणि आता पॉझिटिव्ह, याच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

उलटंही होतं बरं का. पार्व्होमध्ये बाळाच्या अंगात पाणी साठलेलं सोनोग्राफीत दिसेपर्यंत आईचं आयजीएम खाली गेलेलं असू शकतं, तिथे निगेटिव्हवर विसंबू नकोस, पीसीआर, म्हणजे थेट व्हायरसचं जनुकीय द्रव्य शोधणारी टेस्ट, लाव.

सीएमव्ही आईला पहिल्यांदाच झाला तरी साधारण तीनातल्या एकाच बाळापर्यंत पोचतो. पोचलाय का हे गर्भजलाच्या पीसीआरवरून कळतं, पण घाईने काढलेलं पाणी फसवतं, कारण व्हायरस बाळाच्या किडनीत वाढून लघवीवाटे त्या पाण्यात यायला वेळ लागतो. म्हणून साधारण 20-21 आठवडे झालेले हवेत आणि आईच्या इन्फेक्शनला निदान 6 ते 8 आठवडे उलटलेले हवेत. लवकर काढलेल्या सॅम्पलचा रिपोर्ट निगेटिव्ह गेला तर खाली ते स्पष्ट लिही. पॉझिटिव्ह आलं तरी त्याचा अर्थ बाळाला इन्फेक्शन झालंय एवढाच, बाळ आजारी असेलच असं नाही, बहुतेक बाळं जन्मतः लक्षणांशिवायच असतात, हेही रिपोर्टवर येऊ दे.

जन्मानंतर बाळाच्या रक्तातलं आयजीजी आईकडूनच आलेलं असतं, त्यावरून काही ठरवू नकोस. लघवी किंवा लाळेचा पीसीआर 21 दिवसांच्या आत झालाच पाहिजे, त्यानंतर इन्फेक्शन पोटातलं की जन्मानंतरचं ते सांगता येत नाही. लाळ पॉझिटिव्ह आली तर लघवीवर परत बघ, आईच्या दुधातूनही तिथे व्हायरस येतो. वॉर्डातल्या सिस्टरना ही 21 दिवसांची मुदत आजच सांगून ठेव.