थर्ड मॅनला विचारा: शेजारच्या क्लबशी वन-डे आणि सतराशे साठ भानगडी

या वेळी पत्रांचा जो गठ्ठा आला त्यातली निम्मी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. वर्षातून एकदा शेजारच्या क्लबशी वन-डे, दोन्हीकडे तीच तोंडं, मागच्या वर्षीची उणीदुणी तशीच शिल्लक, आणि मॅच संपली की भांडण सुरू. म्हटलं सगळी एकत्रच घेऊ. मी उत्तरं देताना एमसीसीचे, म्हणजे क्रिकेटचे कायदे लिहिणाऱ्या लंडनच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबचे, कायदे धरतोय. तुमच्या लीगनं किंवा दोन कॅप्टननी आधी काही वेगळं लिहून ठेवलं असेल तर ते लागू, पण ‘लिहून’ म्हणतोय मी, ‘आमचं बोलणं झालं होतं’ नव्हे.

प्रश्न: काका, शेवटच्या ओव्हरमध्ये 6 हव्या होत्या. आमचा नॉन-स्ट्रायकर जरा लवकर निघाला आणि त्यांच्या बॉलरनं बॉल न टाकता सरळ बेल्स उडवल्या. वॉर्निंग नाही, काही नाही. अंपायरनंही बोट वर केलं. तेव्हापासून दोन्ही टीम एकमेकांशी बोलत नाहीत. हे काय क्रिकेट झालं का? — हरलेला कॅप्टन

झालं की. तुम्हाला राग येणार, पण आधी ऐकून घ्या. पॉपिंग क्रीजपासून (बॅट्समननं जिच्या आत राहायचं ती रेघ) समोरच्या पॉपिंग क्रीजपर्यंत अंतर असतं 58 फूट. तुमचा भिडू दोन ढांगा आधी निघाला तर त्यातले पाच-सहा फूट त्यानं फुकटात खाल्ले, आणि शेवटच्या ओव्हरमध्ये रन आऊटचा फैसला होतो तो बॅटच्या टोकाएवढ्या अंतरावर! म्हणजे चोरी कोणी केली आणि आपण बोंब कोणाच्या नावानं मारतोय ते बघा.

वॉर्निंग द्यायलाच पाहिजे असं कायद्यात कुठेही नाही. आपल्या भारताच्या विनू मंकडनी 1947 साली सिडनी टेस्टमध्ये बिल ब्राऊनला असंच बाद केलं, त्याआधी त्याच दौऱ्यातल्या एका सामन्यात ब्राऊनला ताकीद देऊन झालेली होती, तरी गडी पुढे जायचा तो गेलाच. तेव्हा ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन होता ब्रॅडमन, आणि त्यानं मंकडचीच बाजू घेतली, हे आपल्यातले बरेच लोक सोयीनं विसरतात. इतकी वर्षं हा प्रकार कायद्यात ‘अनफेअर प्ले’खाली होता, ऑक्टोबर 2022 पासून एमसीसीनं तो उचलून साध्या रन आऊटच्या कलमात, म्हणजे 38 मध्ये टाकला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लॉर्ड्सवर दीप्ती शर्मानं इंग्लंडच्या चार्ली डीनला तसं आऊट केलं आणि केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल.

एक गोष्ट मात्र तपासा. बॉलरचा हात नेहमीच्या अॅक्शनमध्ये सगळ्यात वर पोचायच्या आत त्यानं बेल्स उडवल्या का? हात वरून पुढे गेल्यावर थांबून, वाट बघून, मग उडवल्या असतील तर तो नॉट आऊट. आणि समोरच्या कॅप्टनला अपील मागे घेता येतं, पण तुमचा गडी मैदानाबाहेर जायच्या आत आणि अंपायरची परवानगी घेऊन. तुमचा गडी बॅट आपटत तरातरा निघून गेला असेल तर तोही रस्ता बंद. वेस्ट इंडीजचा बॉलर वॉल्श यानं 1987 च्या वर्ल्ड कपमध्ये लाहोरला पाकिस्तानच्या सलीम जाफरला बेल्स न उडवता नुसतं सोडून दिलं, वेस्ट इंडीज ती मॅच हरली, आणि त्याचा मोठेपणा आपण आजही सांगतो. पण मोठेपणा समोरच्याकडून वसूल करता येत नसतो हो.

प्रश्न: 40 ओव्हरची मॅच. पहिल्या टीमनं 212 केले, मग पाऊस. आम्हाला 25 ओव्हर मिळणार होत्या. आम्ही म्हटलं सरासरी काढा, 5.3 च्या रेटनं 133 द्या. ते म्हणाले नाही. वाद इतका लांबला की ऊन पडलं तरी खेळ सुरू नाही. कोण बरोबर? — मुकाट बसलेला सलामीवीर

ऊन पडलं तरी तुम्ही भांडतच होतात, धन्य आहे!

सरासरीचा हिशोब कागदावर गोड दिसतो, आणि वन-डेच्या सुरुवातीच्या काळात तो चालायचाही. पण 10 विकेट 40 ओव्हर पुरवायच्या असतात तेव्हा माणूस जपून खेळतो, त्याच 10 विकेट 25 ओव्हरमध्ये उडवायच्या म्हटल्यावर आठव्या नंबरचाही पहिल्या बॉलपासून बॅट फिरवतो. ओव्हर कमी झाल्या, विकेट तेवढ्याच राहिल्या. मग रेट तोच कसा राहील? याच कारणासाठी सरासरी सोडून 1992 च्या वर्ल्ड कपला दुसरी पद्धत आणली, पहिल्या टीमच्या सगळ्यात कमी रनांच्या ओव्हर वजा करायच्या, तर सिडनीच्या सेमीफायनलला दक्षिण आफ्रिकेला 13 बॉलमध्ये 22 हवे होते ते पाऊस थांबल्यावर 1 बॉलमध्ये 21 झाले. आगीतून फुफाट्यात.

मग फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या दोघांनी ओव्हर आणि विकेट दोन्ही धरून तक्ता बसवला, 1 जानेवारी 1997 ला हरारेत झिम्बाब्वे-इंग्लंड मॅचला तो पहिल्यांदा वापरला, पुढे स्टीव्हन स्टर्न आले आणि ‘डीएल’चं ‘डीएलएस’ झालं. टीव्हीवरच्या मॅचला आता कॉम्प्युटर लागतो, पण आपल्यासारख्यांसाठी जुना स्टँडर्ड तक्ता एका कागदावर मावतो. त्यात 10 विकेट हातात असताना 40 ओव्हरची किंमत 89.3 टक्के आणि 25 ओव्हरची 66.5. तुमचा हिशोब करून टाकतो. 212 गुणिले 66.5 भागिले 89.3, आले 157.87. म्हणजे बरोबरीला 157, जिंकायला 158. तुम्ही मागत होतात 133! पंचवीस रन खिशात घालून निघाला होतात आणि वर सलामीवीर मुकाट बसलेला. पुढच्या वर्षी तो तक्ता छापून स्कोअररच्या वहीत चिकटवा, दोन्ही कॅप्टनच्या सह्या घ्या, आणि हे टॉसच्या आधी, आभाळ निळं असताना. ढग आल्यावर पद्धत ठरवायला बसलात की ज्याला जी सोयीची तीच त्याला न्यायाची वाटते.

प्रश्न: कॅच उडाला तेव्हा आमचे दोघं एकमेकांना क्रॉस झाले होते. नवीन बॅट्समन कुठल्या एंडला? दहा मिनिटं गेली यात.

स्ट्रायकरच्या एंडला, म्हणजे पुढचा बॉल तोच खेळणार, ओव्हर संपली असेल तरच नाही. क्रॉस झाले की नाही हे 2022 पासून कॅचच्या बाबतीत बघायचंच नाही. जुने खेळाडू अजून जुन्याच नियमावर अडून बसतात, मीही मागच्या सीझनला बसलो होतो.

प्रश्न: फिल्डिंग करताना आमच्या ओपनरचा घोटा मुरगळला. बॅटिंगला रनर मागितला तर समोरचा कॅप्टन म्हणतो रनर बंद झाला. खरं का? — लंगडा ओपनर

अर्धं खरं. आयसीसीनं ऑक्टोबर 2011 पासून इंटरनॅशनल मॅचमध्ये रनर बंद केला, आणि टीव्हीवर जे बंद ते सगळीकडे बंद असं लोक धरून चालतात. एमसीसीच्या कायद्यात रनर आजही आहे. दुखापत मॅच चालू असताना झाली अशी अंपायरची खात्री पटायला हवी, मॅचच्या आदल्या दिवशी पाय मुरगळून घेऊन आलात तर मिळणार नाही. रनर तुमच्याच टीमचा, शक्यतो आऊट होऊन आलेला, आणि त्याच्याही अंगावर तुमच्यासारखेच पॅड-ग्लोव्हज-हेल्मेट, हातात बॅट. नुसत्या ट्रॅक पँटवर पळायला आलेला चपळ पोरगा चालत नाही.

आता खरी गंमत. स्ट्राइकवर असताना तुम्ही स्वतः क्रीजबाहेर असाल आणि कीपरच्या बाजूच्या बेल्स उडाल्या तर तुम्ही आऊट, रनर कुठेही सुखरूप उभा असो. माझी मांडी भरली होती एकदा, रनर घेतला, कव्हरमध्ये बॉल ढकलला आणि सवयीनं ‘येस’ ओरडून मीच पळत सुटलो. नॉन-स्ट्रायकर पळतोय, रनर पळतोय, मी पळतोय, तिघंही एकाच वेळी पिचवर! चार-पाच पावलांवर मांडी आठवली, कीपरनं शांतपणे बेल्स काढल्या. त्यांच्या स्लिपमधला गडी हसता हसता खाली बसला आणि पुढची दोन वर्षं त्यांची टीम मला ‘येस’ म्हणूनच हाक मारायची. तेव्हा बॉल मारला की बॅट क्रीजमध्ये टेकवून ठेवा आणि तोंड बंद ठेवा.

प्रश्न: मॅचच्या दिवशी सकाळी त्यांनी एक अनोळखी फास्ट बॉलर आणला. 5 विकेट घेऊन गेला, नंतर दिसलाही नाही. प्रोटेस्ट करता येईल? — पाच जणांपैकी एक

कायदा इतकंच म्हणतो की टॉसच्या आधी कॅप्टननं अकरा नावं लेखी द्यायची, त्यानंतर बदल करायचा तर समोरच्या कॅप्टनची संमती हवी. तो बॉलर क्लबचा मेंबर हवा, आधी अमुक मॅच खेळलेला हवा, यातलं एमसीसी काही सांगत नाही, ते तुमचं तुम्ही लिहायचं. यादी घेताना तुमच्या कॅप्टननं वाचली का? बहुतेक घडी करून खिशात घातली असणार. विकेट पडल्यावर आठवलेला नियम म्हणजे वरातीमागून घोडं. (आणि खरं सांगा, तुमच्याकडे मागच्या वर्षी असा कोणी ‘पाहुणा’ नव्हता?)

प्रश्न: दोन स्कोअरबुकं, दोन निकाल. आमच्या वहीत आम्ही 1 रननं जिंकलो, त्यांच्या वहीत टाय. आठवडा झाला, दोघंही आपापली वही कुलूपबंद करून बसलेत. — स्कोअरर

वह्या बाहेर काढा, चूक कशी शोधायची ते सांगतो. बॅट्समनांचे रन अधिक एक्स्ट्रा म्हणजे टोटल, हे सगळेच करतात. उलट्या बाजूनंही करा. सगळ्या बॉलरांनी दिलेले रन, त्यात बाय आणि लेग बाय मिळवा, पेनल्टी असतील तर त्याही, तीच टोटल यायला हवी. वाईड आणि नो बॉल बॉलरच्या खात्यात आधीच आहेत, ते पुन्हा मिळवू नका, निम्म्या चुका तिथेच होतात. ज्या वहीत दोन्ही बाजू जुळत नाहीत ती आधी संशयित. दोन्ही जुळल्या तरी टोटल वेगळी असेल तर मग ओव्हरवार खाली या, एका ओव्हरपाशी बोट अडकेल.

माझ्या हातून हे झालंय, म्हणून सांगतो. मी अंपायर होतो, नो बॉल दिला, हात आडवा केला, बॅट्समननं तो पॉइंटमधून चौकार मारला. बॉल डेड झाल्यावर स्कोअररकडे बघून नो बॉलची खूण पुन्हा करायची असते, मग चौकाराची, आणि त्यांनी हात वर केला की मगच पुढे. मी चौकार दाखवला आणि वळलो. एका स्कोअररनं मूळ खूण बघितली होती, त्यानं 5 लिहिले, दुसरा त्या वेळी पेन्सिलीला टोक करत होता, त्यानं 4. दोन्ही वह्या आपापल्या परीनं बिनचूक जुळत होत्या! शेवटी सापडलं ते एवढ्यावरून की त्या ओव्हरमध्ये एका वहीत सात नोंदी होत्या आणि दुसरीत सहाच, म्हणजे दुसऱ्याच्या हिशोबानं ओव्हर सहा बॉलवर संपलेली आणि मी सातवा बॉल टाकू दिलेला, आणि तो बिचारा तो बॉल न लिहिताच गप्प बसलेला.

आकडे बरोबर आहेत ही शेवटी अंपायरची जबाबदारी. लंच-टीला आणि मॅच संपल्यावर स्कोअरर आणि अंपायरनी मिळून आकडे पक्के करायचे असतात, आणि एकदा ते पक्के झाले की निकाल बदलत नाही, मग वहीत पुढे काहीही सापडो. तुमच्या मॅचला हे झालंच नसावं, नाहीतर दोन निकाल आले कुठून. दोन्ही अंपायरना बोलवा, त्यांच्यासमोर वह्या उघडा.

प्रश्न: वरच्याच मॅचबद्दल. समजा टाय निघाली तर ट्रॉफी कोणाची? सुपर ओव्हर आता घेता येईल का?

आता? आठवड्यानंतर? नाही. कायद्याप्रमाणे टाय म्हणजे टाय, सुपर ओव्हर आधी ठरलेली असेल तरच. आणि चौकार मोजायच्या भानगडीत तर पडूच नका, 2019 च्या वर्ल्ड कप फायनलला लॉर्ड्सवर 241-241, सुपर ओव्हरमध्ये 15-15, आणि मग इंग्लंडचे 26 चौकार-षटकार विरुद्ध न्यूझीलंडचे 17 म्हणून कप दिला, त्याच ऑक्टोबरमध्ये आयसीसीनं तो नियम काढून टाकला. सहा-सहा महिने ट्रॉफी वाटून घ्या. पहिले सहा महिने कोणाकडे ते मला विचारू नका, टॉसचं नाणं आहेच, फक्त या वेळी अंपायरला जवळ उभं करा.