‘तिला तुम्हीच समजवा’ असं लिहिणाऱ्या वडिलांना

तुमची मुलगी अकरावीत आहे. गणित आणि भौतिकशास्त्र चांगलं, रसायनशास्त्र कच्चं. धक्का किंवा दाब बसला की रंग बदलणाऱ्या पदार्थांवर तिला काम करायचंय. तुम्हाला तिनं कम्प्युटर इंजिनिअर व्हावं असं वाटतं. ‘गॉगल घालून लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर प्लॅस्टिकची पट्टी वाकवत बसते आणि वहीत काहीतरी खरडते. शेवटी मी वहीच काढून घेतली,’ असं तुम्ही लिहिलंय.

हे वाक्य मला फार खटकलं. वहीत काय होतं, याबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षर नाही. तुम्ही ती उघडून तरी पाहिलीत का? कुणीही न सांगता मुलगी निरीक्षणं टिपून ठेवते आणि घरचेच वही जप्त करतात, तेव्हा ती तुमच्यापासून गोष्टी लपवायला शिकते. आजच वही परत द्या, आणि चुकलं म्हणून सांगा.

ती काय करते तेही ऐका. त्या स्क्रीनचा प्रकाश ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असतो. पुढे पारदर्शक, कडक पट्टी धरून पोलराइज्ड (ठरावीक दिशेचाच प्रकाश आत सोडणाऱ्या) गॉगलमधून पाहिलं की पट्टीत रंगीत पट्टे दिसतात. वाकवली की ते सरकतात आणि ताण एकवटतो तिथे दाटी करतात. दाबाखालच्या काचेतला हा परिणाम स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरनं १८१६ मध्ये मांडला होता. पुढे इंजिनिअर यंत्रभागांच्या पारदर्शक प्रतिकृती करून त्यांच्यातला ताण असाच शोधू लागले.

‘रंग म्हणजे रसायन, आणि तिथेच तिची बोंब’ हा तुमचा आक्षेप अर्धाच खरा आहे. काही पदार्थांत रंग रासायनिक बदलानंच येतो. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये स्पायरोपायरन या रंग बदलणाऱ्या संयुगाचे रेणू पॉलिमरमध्ये, म्हणजे लांब साखळ्यांच्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थात, गुंफून दाखवले. पॉलिमर ताणला की त्या रेणूतला एक बंध तुटतो आणि रंग उमटतो. पण फोटॉनिक क्रिस्टलला रंगद्रव्य लागतच नाही. त्यात अतिसूक्ष्म थर किंवा कण ठरावीक अंतरावर रचलेले असतात आणि कुठला रंग परावर्तित होणार ते हे अंतर ठरवतं. दाबल्यावर अंतर घटलं की लाल हिरव्याकडे, हिरवा निळ्याकडे सरकतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच तत्त्व सैनिकांसाठी वापरलं. स्फोटाच्या लाटेनं अशा पदार्थातली सूक्ष्म रचना मोडते, रंग बदलतो आणि या सैनिकाच्या मेंदूला इजा झाली असू शकते, याची खूण मिळते. नुसता रंग बदलून मात्र भागत नाही. किती दाबाला किती बदल, उष्णतेनं तो ढळतो का, पुन्हा तेवढ्याच दाबाला तोच रंग येतो का, हे सगळं मोजावं लागतं. ते काम गणित आणि प्रकाशशास्त्राचं आहे. तुमच्या मुलीचे हेच तर आवडीचे विषय!

रसायनशास्त्र तिला सुधारावं लागेल, त्यात सूट नाही. वाट ओळखीचीच आहे: प्रवेश परीक्षा, मग भौतिकशास्त्र, मटेरियल्स सायन्स किंवा पॉलिमर इंजिनिअरिंग, आणि संशोधनच करायचं तर पीएच.डी.पर्यंतची तयारी. कॅमेऱ्यानं टिपलेल्या रंगावरून दाब काढायचा तर प्रोग्रॅमिंगही यावं लागतं. तेव्हा कम्प्युटर सुटत नाही, फक्त तो तिच्या कामाला जुंपला जाईल.

तिला ‘समजावण्याचं’ काम मी घेणार नाही. पुढचं पत्र तिला स्वतःला लिहू द्या. विषय कुठले घ्यायचे, ते मी तिच्याशीच बोलेन.